फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि आजाऱ्यांची वही



अकोल्याला असतानाची गोष्ट. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी पवित्र कम्युनियन घेऊन जात असे. आपल्या तीन-चार आजी तिथे राहत होत्या. त्यांतल्या एक आजी दर खेपेला मला थोड्या बारीक दिसायच्या. जेवता ना, असे विचारले की हसायच्या आणि जेवते म्हणायच्या. पावसाळा सरता सरता त्या गेल्या. अंत्यविधीच्या कागदपत्रांसाठी जन्मतारीख हवी होती, म्हणून मी तिथली वही उघडली. प्रत्येकाच्या नावापुढे महिनाभराचे रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात एकच शब्द होता : ठीक. अक्षर एक, शाईही एक. आजी ज्या दिवशी वारल्या त्याच्या पुढच्या चार दिवसांतही त्यांच्या नावापुढे ठीक लिहिलेले होते.

मी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिथे दोन बाया चाळीसेक म्हाताऱ्यांचे सगळे करत होत्या. सकाळची अंघोळ, कपडे, जेवण, रात्रीचे उठबस. वही भरणे हे त्यांच्या लेखी तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी करायचे काम होते. आणि मी तरी काय केले? मीही दर महिन्याला जात होतो. मीही कुठे काही लिहिले नाही. जूनमध्ये आजींचे वजन किती होते आणि ऑगस्टमध्ये किती, हे दोन आकडे जरी कोणी शेजारी शेजारी मांडले असते, तर डॉक्टरांना वेळेत बोलावता आले असते.

तेव्हापासून मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयी वाचायची ओढ लागली. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या हातात दिवा घेऊन उभ्या असतात. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपल्या धर्मग्रामात नर्सचे काम करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, त्यांना तर हे नाव पाठच असते. पण दिव्याची गोष्ट जितकी सर्वांना ठाऊक आहे, तितकी त्यांच्या वहीची नाही. रात्रीची फेरी संपली की या बाई लिहायला बसत, आणि त्या लिखाणाने जितके जीव वाचले तितके दिव्याने खचितच वाचले नसतील.

त्यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. इंग्रज आईवडील तेव्हा प्रवासात होते, म्हणून शहराचेच नाव मुलीला ठेवले. थोरली बहीण नेपल्सला जन्मली होती, तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. त्या मानाने धाकटी सुटली म्हणायची! घर गडगंज श्रीमंत. वडिलांनी दोघी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. धाकटीला गणिताचे विलक्षण वेड. आईला मात्र मुलीने चांगल्या घरी पडावे एवढेच हवे होते.

१८३७ च्या फेब्रुवारीत, सतरा वर्षे पुरी व्हायच्या आतच, आपल्याला देवाने सेवेसाठी हाक दिली आहे असे तिला जाणवले. हाक कसली, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. रुग्णसेवा शिकण्याची इच्छा तिने बोलून दाखवली तेव्हा घरात जणू आकाश कोसळले. त्या काळच्या इंग्लंडात नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी, मोलाने राबणारी बाई अशीच समजूत होती. खानदानी मुलीने ते काम करायचे? नाहीच. तिने लग्न नाकारले आणि घरात वर्षानुवर्षे कोंडल्यासारखी राहिली.

आपल्या वाचकांना आवडेल असा एक भाग इथे येतो. १८४७-४८ च्या हिवाळ्यात ती रोमला होती. तिथे त्रिनिता देई मोंती येथील मठात पवित्र हृदयाच्या धर्मभगिनी राहत. मादरे सांता कोलोंबा या मठवासिनीशी तिचा स्नेह जडला आणि मठात राहून तिने एकांत-साधनाही केली. पुढे १८५२ मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेत यावे का, याविषयी तिने हेन्री मॅनिंग यांच्याशी पत्रव्यवहार केला; हेच पुढे कार्डिनल मॅनिंग झाले. ती आली नाही. शेवटपर्यंत अँग्लिकनच राहिली, तीही आपल्याच पद्धतीची. मात्र समर्पित स्त्रिया आजाऱ्यांची सेवा शिस्तीने कशी करतात हे तिने आपल्या भगिनींकडून पाहिले, आणि ते कधी लपवले नाही. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तीन महिने, १८५३ मध्ये पॅरिसला धर्मभगिनींच्या सोबत, असे तिने आपले शिक्षण आपणच जमवले. जिथे जाई तिथल्या रुग्णालयांचे अहवाल गोळा करी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. इथून पुढे मी त्यांना बाई म्हणतो. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसे.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून इंग्लंडात पोहोचले आणि युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंना पाठवले. बरोबर अडतीस स्त्रिया होत्या. त्यांत दहा आपल्या कॅथलिक धर्मभगिनी, आणि लंडनच्या बर्मंडसी येथील दयेच्या भगिनींच्या मदर मेरी क्लेअर मूर या बाईंचा उजवा हात ठरल्या. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी सगळ्या जणी कॉन्स्टॅन्टिनोपलसमोरच्या स्कुटारी येथे उतरल्या. भलीमोठी बराक, तिलाच रुग्णालय केलेले. जमिनीवर रांगेने माणसे, खाली तुंबलेली गटारे, उंदीर, घाण.

पण बाईंना आणखी एका गोष्टीचा धक्का बसला. किती सैनिक मेले, याच्या तीन वेगळ्या नोंदी ठेवल्या जात होत्या. दफनाची एक, डॉक्टरांची एक, लष्करी कचेरीची एक. तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे माणूस जिवंत आहे की मेला, यावरही तिथे एकमत नव्हते! कोणी पुरला गेला पण कागदावर उरला. मला ती अकोल्याची वही आठवते ती इथेच.

१८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीच्या रुग्णालयात दर शंभर रुग्णांमागे बेचाळीस मरत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छतेची पाहणी करणारे मंडळ आले. त्यांनी गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, पाण्याच्या वाटेत सडणारे जनावर काढले, हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभरी दोनावर आले.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई मिस स्मिथ या नावाने गुपचूप परतल्या. स्वागताला बँड तयार होते, ते तसेच राहिले. पहाटे त्या आधी बर्मंडसीच्या मठात मदर क्लेअर यांच्याकडे गेल्या, मग घरी.

आता खरी गोष्ट सुरू होते. तोवर बाईंना वाटत होते की सैनिक मेले ते उपासमारीने, थंडीने, थकव्याने. त्यांना रुग्णालयात आणायला उशीर झाला म्हणून. विल्यम फार नावाचे गृहस्थ इंग्लंडच्या जन्ममृत्यू कचेरीत आकड्यांचे काम पाहत. त्यांच्याबरोबर बसून बाईंनी सगळ्या नोंदी पुन्हा मांडल्या, तेव्हा दिसले ते वेगळेच. लढाईतल्या जखमांनी मेलेले थोडे होते. ताप, हगवण आणि पटकी यांनी मेलेले त्यांच्या कितीतरी पट. आणि हे रोग मोठ्या प्रमाणात रुग्णालयातच पसरले होते. ज्या स्कुटारीत बाई दिवा घेऊन फिरत होत्या, तिथला पहिला हिवाळा सर्वांत जीवघेणा होता. या शोधाने त्या आतून मोडल्या असे काही अभ्यासक मानतात. मला त्यात नवल वाटत नाही. आपण ज्यांच्यासाठी रात्रंदिवस राबलो, ते आपल्याच छपराखाली, आपल्या नजरेसमोर, टाळता येण्याजोग्या कारणाने गेले, हे कागदावर बघायला छाती लागते. देश त्यांना देवदूत म्हणत होता. त्यांना गप्प बसता आले असते. त्यांनी ते आकडे राणीच्या सरकारपुढे ठेवले.

कसे ठेवले, तेही बघण्यासारखे आहे. लांबलचक तक्ते मंत्री वाचत नाहीत हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी वर्तुळाकार चित्र काढले : बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, जितके मृत्यू तितकी पाकळी मोठी. टाळता येण्याजोग्या रोगांचा रंग निळा, जखमांचा लाल. निळा रंग पानभर पसरलेला आणि लाल मधल्या मध्ये. १८५८ साली हे छापले गेले. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

यानंतर त्यांनी साऱ्या रुग्णालयांकडे मोर्चा वळवला. प्रत्येक रुग्णालय आपल्या मर्जीने नोंदी ठेवी, एकाचा ताप दुसऱ्याच्या वहीत भलत्याच नावाने असे, त्यामुळे तुलनाच शक्य नव्हती. १८६० मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. तिच्यापुढे बाईंचा एकसारखा नमुना-तक्ता मांडण्यात आला. वर्षाच्या आरंभी किती रुग्ण होते, किती आले, किती बरे झाले, किती बरे न होता गेले, किती असाध्य म्हणून सोडले, किती वारले, वर्षअखेर किती उरले, सरासरी किती दिवस राहिले. साधे रकाने. पण त्यांतला असाध्य म्हणून सोडलेल्यांचा रकाना बघा. मरणाला टेकलेल्या माणसाला आदल्या दिवशी घरी पाठवले की मृत्यू रुग्णालयाच्या खात्यात पडत नाही, ही युक्ती बाईंना ठाऊक होती. आपल्यालाही ती नवीन नाही. घरी घेऊन जा, सेवा करा, असे सांगितलेला माणूस गाडीत ठेवून आपण किती वेळा गावी नेला आहे! त्या रकान्याने ही पळवाट बंद केली. लंडनच्या काही रुग्णालयांनी तो तक्ता थोडी वर्षे भरला, मग तो मागे पडला. भरायला फार किचकट होता, हेही खरे. बाईंचे सगळे यशस्वी झाले असे नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा भाग, आणि तोच कमी सांगितला जातो. रुग्णालयात माणूस थोडे दिवस असतो. बरा होतो नाहीतर जातो. पण ज्यांना जायला घरच नाही, ते कुठे राहत होते? इंग्लंडात त्यांच्यासाठी वर्कहाउस असे. निराधार गरिबांचे सरकारी घर. म्हातारे, पांगळे, वेडसर, क्षयी, टाकून दिलेली मुले, सगळे एका छपराखाली, काही जण मरेपर्यंत. त्यांची शुश्रूषा तिथल्याच दुसऱ्या निराधार बायका करत, पुष्कळदा वाचता न येणाऱ्या. १८६४ च्या डिसेंबरात टिमथी डॅली नावाचा अठ्ठावीस वर्षांचा आयरिश मजूर मरण पावला. तो लंडनच्या हॉलबर्न वर्कहाउसमध्ये आजारी पडून होता. कोणी कूस बदलून दिली नाही, अंगाला जखमा पडल्या, आणि दुसऱ्या रुग्णालयात हलवेपर्यंत फार उशीर झाला होता.

वर्तमानपत्रांत आरडाओरड झाली. ती आठ दिवसांत थंडावली असती. बाईंनी गरिबांच्या खात्याचे मंत्री व्हिलियर्स यांना लिहिले, आणि त्या खात्याचे लंडनचे निरीक्षक फार्नल यांच्यासोबत एक प्रश्नपत्रिका तयार केली. लंडनच्या प्रत्येक वर्कहाउसला ती पाठवायची. आजारी किती, जागा किती, त्यांना बघणारे कोण, अशा बाबी. एका डॅलीची गोष्ट म्हणजे अपघात. पण प्रत्येक घरातून तीच माहिती एकाच नमुन्यात आली की तो अपघात राहत नाही, कारभार ठरतो, हे त्यांना कळले होते. त्यांची मागणी अशी की आजारी, वेडसर, असाध्य रुग्ण आणि मुले यांना वेगवेगळे ठेवा, सर्वांचा कारभार एका हाताखाली आणा, आणि खर्च साऱ्या शहराने मिळून सोसावा. मधेच सरकार पडले. १८६७ साली जो कायदा झाला तो बाईंना अपुरा वाटला, तरी निराधार आजाऱ्यांची सोय हे सरकारचे काम आहे हे त्याने प्रथमच मान्य केले.

लिव्हरपूलला त्याच सुमारास बाईंच्या शाळेत शिकलेली ॲग्नेस जोन्स बारा नर्स घेऊन एका प्रचंड वर्कहाउसमध्ये गेली. हजाराहून अधिक रुग्ण. १८६८ मध्ये तिथेच टायफसने तिचा अंत झाला, वय पस्तीस.

बाईंची वही त्यांच्यावरच कशी उलटे, याचे आणखी एक उदाहरण सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी बाळंतिणींचा एक कक्ष चालवला होता. तिथे बाळंतज्वर शिरला. हजार बाळंतिणींमागे सुमारे तेहतीस दगावल्या असे नोंदींवरून निघाले. स्वतःच्या घरी, गरिबीतही, बाळंत होणाऱ्या बाया यापेक्षा सुरक्षित होत्या. बाईंनी तो कक्ष बंद केला, आणि १८७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहून आपले अपयश आकड्यांसह छापले. आपली संस्था बंद करणारे संस्थापक मी तरी फार पाहिलेले नाहीत.

आता आपल्या देशाकडे येऊ. बाई भारतात कधीच आल्या नाहीत, पण चाळीसेक वर्षे भारत त्यांच्या टेबलावर होता. १८५९ मध्ये भारतातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला आयोग नेमला गेला. बाईंनी छापील प्रश्न तयार केले आणि देशभरच्या लष्करी ठाण्यांवर ते गेले. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणशी जागा किती, आजारी किती, मृत्यू किती. पेट्या भरभरून उत्तरे आली. १८६३ चा तो अहवाल दोन जाडजूड खंडांचा आहे. निघाले असे की दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला एकोणसत्तर मरत होते. दहाएक वर्षांच्या सुधारणांनंतर हा आकडा अठरावर आल्याचे बाईंनी लिहिले आहे.

आरंभी त्यांचे लक्ष फौजेपुरते होते, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजांना आपला सैनिक महाग पडत होता. पण आकड्यांनीच त्यांना छावणीच्या कुंपणाबाहेर नेले. शेजारच्या गावात पटकी असेल तर छावणी वाचत नाही. मग गावांचे पाणी, शेतकऱ्यांचे कर्ज, कालवे, १८७६-७८ चा दुष्काळ यांवर त्या लिहीत राहिल्या. पुणे सार्वजनिक सभेशीही त्यांनी गावच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार केला.

आपले वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आले होते. जन्ममृत्यू टिपण्याची ती त्या काळची लाट आपल्या अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतही पोहोचली. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू सांगे, त्यांची नोंद होई आणि ठाण्याला जाई. मृत्यूची कारणे ठरलेली : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, इतर. ज्याचे काही कळत नसे तो बहुधा तापात जाई. आज जातपडताळणीसाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला आपण तहसीलला खेटे घालतो, तेच हे बुक. खापरपणजोबांची जात शोधताना पानापानावर एकेका आठवड्यात पटकीने गेलेली लेकरे दिसतात. एकदा एका कुटुंबासाठी मी ती पाने वाचली आणि ज्या कामाला गेलो होतो ते बाजूला राहिले.

जनगणनेतही त्या काळी वेडसर, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची वेगळी मोजणी होत असे. इंग्लंडच्या १८६१ च्या जनगणनेत आजाऱ्यांची गणना व्हावी म्हणून बाई झगडल्या होत्या. तिथे त्यांचे कोणी ऐकले नव्हते.

मोजणे पुण्याचे की पापाचे, असा प्रश्न बायबल वाचणाऱ्याला पडतो. दावीद राजाने लोकांची गणना केली आणि देशावर मरी आली. पण शंभर मेंढरांचा तो मेंढपाळही मोजतोच. मोजल्यावाचून एक कमी आहे हे त्याला कळले कसे? माझ्या मते फरक हेतूत आहे. राजाने आपल्याजवळ किती आहेत हे बघायला मोजले, मेंढपाळाने कोण नाही हे बघायला. बाईंचा विश्वास तर याही पुढचा होता. आकड्यांतून दिसणारे नियम हे देवाचेच नियम आहेत, ते शोधणे हा भक्तीचा मार्ग आहे, असे त्या मानत. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाचे ग्रंथ त्यांनी टिपणे काढून वाचले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माझ्यासारख्याला इथे थोडे अडखळायला होते. नियम सगळ्यांबद्दल बोलतो, आणि मरतो तो एक माणूस. दोन्ही हातांत धरावे लागतात. वजनाचा आकडा लिहिणाऱ्याने आजींच्या तोंडाकडेही बघायला हवे, आणि माझ्यासारख्या नुसते तोंडाकडे बघणाऱ्याने आकडाही लिहायला हवा होता.

हे सगळे काम बाईंनी केले कुठून? अंथरुणातून. क्रिमियात जडलेल्या तापाने १८५७ पासून त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढची कितीतरी वर्षे त्या लंडनमधल्या आपल्या खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत. मंत्री, डॉक्टर, व्हाइसरॉय होऊन निघालेले लाटसाहेब त्यांच्याकडे येत. दीर्घकाळ दुसऱ्यांच्या आधाराने जगणे म्हणजे काय, हे त्या स्वतः जगल्या. स्वभाव सोपा नव्हता. सोबतच्यांना त्यांनी फार राबवले. सिडनी हर्बर्ट आजारी असतानाही त्यांना उसंत दिली नाही, आणि ते १८६१ मध्ये गेले तेव्हा बाईंना ते दुःख आयुष्यभर पुरले. मदर क्लेअर यांच्याशी मैत्री मात्र मदर १८७४ मध्ये वारेपर्यंत टिकली. अखेरच्या वर्षांत बाईंची दृष्टी गेली. ऑर्डर ऑफ मेरिट हा मान १९०७ मध्ये प्रथमच एका स्त्रीला, त्यांना, देण्यात आला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, झोपेत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या देशाने त्यांचे ऐकले का? २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दिवसांत, लंडनला त्यांच्या नावाचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. त्याच महिन्यात सरकार रोज मृतांचा आकडा सांगत होते, पण त्यात रुग्णालयांतले मृत्यूच असत. वृद्धांच्या निवासांत मरणारी माणसे त्या रोजच्या आकड्यात यायला २९ एप्रिल उजाडला. तोवर हजारो जण गेले होते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने अशा निवासांतल्या प्रत्येक रहिवाशाची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली : वजन, पडणे, अंगावरच्या जखमा, स्मृती, औषधे, आणि एकाच नमुन्यात ती वर कळवायची. तिथेही वही सजवणारे आहेतच. पण निदान दोन घरांची तुलना करता येते. आपल्याकडे २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद केलेली आहे. तिथे राहणाऱ्यांची वही कशी असावी, हे विचारणारे मात्र आपणच लागणार.

बाईंच्या घरच्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्या आईवडिलांशेजारी विसावल्या. दगडावर त्यांच्या इच्छेनुसार नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद एवढेच कोरले आहे.

ता. क. : दर बुधवारी वृद्धांच्या भेटीला जाणाऱ्या गटासाठी वजनकाटा आणला आहे, तो सॅक्रिस्टीत ठेवला आहे. वहीत रकाने आखले आहेत : तारीख, वजन, जेवण, पडल्या का, अंगावर जखम आहे का, भेटायला कोण आले. ज्यांची नोंद करायची त्यांना आधी विचारावे. नको म्हणाल्या तर लिहू नये. वही सिस्टरांकडे कुलपात राहील, ती चर्चमध्ये वाचली जाणार नाही. एका भेटीतून दुसऱ्या भेटीत वजन दोन किलोंनी उतरलेले दिसले तर त्याच दिवशी मला फोन करावा, मिस्साची वेळ असली तरी.